‘वर्तुळ’ ऑप्शनला टाकू का?

वाचक-पत्राचा सारांश : खानदेशातील एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून दहावीत शिकणाऱ्या विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. पहिल्या सत्र परीक्षेत तिला बीजगणितात ४० पैकी ३१ आणि भूमितीत ४० पैकी १७ गुण मिळाले. ‘वर्तुळ’ या प्रकरणातील सगळी प्रमेये तिने सिद्धतांसह पाठ केली आहेत आणि त्या सिद्धता तिला वही न उघडता लिहिता येतात. परंतु उदाहरण समोर आले की कोणते प्रमेय लावायचे हेच तिला सुचत नाही. आकृत्या वेड्यावाकड्या येतात, याची तिला लाज वाटते. शिकवणीतल्या मैत्रिणींचे म्हणणे असे की भूमितीच्या पेपरात पर्याय भरपूर असतात, तेव्हा वर्तुळ ऑप्शनला टाकावे आणि त्रिकोणमिती व निर्देशक भूमिती पक्की करावी. आई म्हणते, ‘आपल्या घरात गणित कुणालाच आलं नाही, तू तरी कशाला जीव काढतेस?’ पूर्वपरीक्षेला सात आठवडे उरले आहेत. हे प्रकरण सोडून दिले तर चालेल का, आणि चालणार नसेल तर इतकी प्रमेये ध्यानात ठेवायची तरी कशी, असे तिने विचारले आहे.

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. ज्या मुलीला सगळ्या सिद्धता न बघता लिहिता येतात, तिने कष्ट केलेले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. इतके कष्ट करूनही १७ गुण मिळावेत याचे वाईट वाटणे साहजिक आहे, आणि ते वाईट वाटणे घेऊनच तू विचारते आहेस की हे प्रकरण सोडून का देऊ नये. म्हणून आधी तेवढ्याच प्रश्नाचा हिशेब करू.

भूमितीचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. सध्याच्या आराखड्यात पहिल्या प्रश्नाच्या ८ गुणांना पर्याय नाही. तिथे चार बहुपर्यायी आणि चार छोटे प्रश्न सोडवावेच लागतात. पुढे पर्याय आहेत, पण ते कसे आहेत ते नीट बघ. दोन गुणांच्या उदाहरणांत पाचांपैकी चार, तीन गुणांच्या उदाहरणांत चारांपैकी दोन, चार गुणांच्या उदाहरणांत तिनांपैकी दोन आणि शेवटच्या प्रश्नात दोहोंपैकी एक. म्हणजे पर्याय प्रश्नागणिक मिळतो, प्रकरणागणिक मिळत नाही. वर्तुळ सोडलेस, तर ज्या प्रश्नात वर्तुळावरचे उदाहरण आले त्या प्रश्नातली तुझी निवड तिथेच संपली. मग उरलेल्यांतले एखादे अवघड निघाले तर ते टाळण्याची सोय राहणार नाही. पर्याय हा परीक्षेच्या दिवशी वापरायचा असतो, सात आठवडे आधी तो खर्चून टाकणे शहाणपणाचे नाही.

दुसरी गोष्ट मैत्रिणींच्या लक्षात आलेली दिसत नाही. वर्तुळ सोडले तर एकच प्रकरण सुटत नाही. भौमितिक रचनेत बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायला सांगतात, तेव्हा आपण तो बिंदू आणि केंद्र जोडून त्या रेषाखंडाचा मध्य काढतो आणि तो रेषाखंड व्यास धरून दुसरे वर्तुळ काढतो. हे का करायचे, याचे उत्तर ‘अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो’ या वाक्यात आहे, आणि ते वाक्य वर्तुळाच्या प्रकरणातले आहे. केंद्राचा उपयोग न करता स्पर्शिका काढायची तर स्पर्शिका-छेदिका कोन, म्हणजे स्पर्शिका आणि स्पर्शबिंदूतून जाणारी जीवा यांच्यातला कोन, लागतो. महत्त्वमापनात वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड आले की केंद्रीय कोन आणि कंसाचे माप यांच्यावाचून पुढे जाता येत नाही. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे : हे प्रकरण ऑप्शनला टाकू नकोस.

तुझा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. इतकी प्रमेये ध्यानात कशी ठेवायची, असे तू विचारतेस, आणि त्या विचारण्यातच एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. ती अशी की ही प्रमेये एकमेकांपासून सुटी आहेत, बाराखडीसारखी एकामागून एक पाठ करायची आहेत, आणि उदाहरण आले की त्या यादीतून बरोबर प्रमेय उचलायचे आहे. बीजगणितात सूत्रांची अशी यादी काही अंशी चालते, तिथे तुला ३१ गुण मिळतातही. भूमितीत ती चालत नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या ग्रंथाचा तिसरा भाग संपूर्णपणे वर्तुळाला दिला. त्यात ३७ विधाने आहेत. त्यातील विसावे विधान केंद्रीय कोन (शिरोबिंदू केंद्रात असलेला) आणि अंतर्लिखित कोन (शिरोबिंदू वर्तुळावर असलेला आणि बाजू वर्तुळाला छेदणारा) यांच्याविषयी आहे. एकविसाव्याची सिद्धता विसाव्यावर उभी आहे आणि चक्रीय, म्हणजे चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेल्या, चौकोनाविषयीचे बाविसावे एकविसाव्यावर. म्हणजे ही साखळीच आहे, आणि साखळी उचलायची तर एकेक कडी वेगळी पाठ करावी लागत नाही. ती कुठून धरायची, हे मात्र कोणीतरी दाखवावे लागते, आणि मला वाटते तुला तेवढेच दाखवलेले नाही.

ती धरायची जागा अगदी साधी आहे : एका वर्तुळाच्या सगळ्या त्रिज्या समान असतात. त्यामुळे केंद्र आणि वर्तुळावरचे कोणतेही दोन बिंदू (व्यासाची टोके सोडून) जोडले की समद्विभुज त्रिकोण मिळतो, आणि समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरचे कोन समान असतात. हे तू आधीच्या इयत्तांपासून जाणतेस. आता पेन्सिल आणि कंपास घेऊन बस. पुढचे वाचत असताना आकृती खरोखर काढ, नुसती डोळ्यांसमोर आणू नकोस.

चार सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढ आणि केंद्राला म हे नाव दे. कोनमापकाने म पाशी १३० अंशांचा कोन करून त्याच्या दोन बाजू वर्तुळाला जिथे मिळतात तिथे अ आणि ब लिही. अब ही जीवा काढ. वर्तुळाचा जो मोठा भाग उरला, म्हणजे विशालकंस, त्यावर क हा बिंदू असा घे की क मधून केंद्राकडे निघालेली रेघ पुढे वाढवली तर ती अ आणि ब यांच्यामधल्या लघुकंसाला मिळेल. त्या जागेला ड म्हण. आता कअ आणि कब जोड. त्रिकोण मकअ मध्ये मक आणि मअ या दोन्ही त्रिज्या आहेत, म्हणून क पाशी जेवढा कोन तेवढाच अ पाशी. कोन अमड हा त्या त्रिकोणाचा बाह्यकोन आहे. तो दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका, म्हणजे क पाशी असलेल्या कोनाच्या दुप्पट झाला. रेघेच्या दुसऱ्या बाजूला त्रिकोण मकब मध्ये हेच घडते. समज, क पाशी एका बाजूला २५ अंश आणि दुसऱ्या बाजूला ४० अंश आले, तर केंद्रापाशी ५० आणि ८० होतील. बेरीज घे : क पाशी ६५, म पाशी १३०. अंतर्लिखित कोन केंद्रीय कोनाच्या, म्हणजेच त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा का असतो, ते इथे झाले. क जरा बाजूला सरकवलास आणि केंद्र कोनाच्या बाहेर गेले, तर बेरजेच्या जागी वजाबाकी करावी लागते, एवढाच फरक.

या एका गोष्टीतून पुढच्या तीन गोष्टी कशा ओघाने येतात ते बघ. क हा बिंदू विशालकंसावर कुठेही असो, कोन ६५ अंशच राहतो, कारण कंस बदललेला नाही. म्हणून एकाच कंसातील सगळे अंतर्लिखित कोन एकरूप. अब हा व्यास असता तर कंस १८० अंशांचा झाला असता आणि त्याचा निम्मा काटकोन. हे झाले अर्धवर्तुळातील कोनाचे प्रमेय. आणि क च्या समोर, लघुकंसावर, एखादा बिंदू घेतलास तर त्याच्या कोनाने उरलेला २३० अंशांचा कंस अंतर्खंडित केला, म्हणून तो ११५ अंशांचा. ६५ आणि ११५ मिळून १८०. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक असतात हे वाक्य तू पाठ केलेस. ते पूरक असण्याचे कारण इतकेच आहे की दोन संमुख कोनांचे कंस मिळून पूर्ण वर्तुळ होते, आणि ३६० चा निम्मा १८०.

आता याच आकृतीत स्पर्शिका आणू. अ मधून वर्तुळाला स्पर्शिका काढ. या रेषेवरचा अ सोडून प्रत्येक बिंदू वर्तुळाच्या बाहेर आहे, म्हणजे केंद्रापासून त्रिज्येपेक्षा जास्त अंतरावर आहे. म्हणून केंद्रापासून त्या रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर मअ हेच आहे, आणि बिंदूपासून रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर लंबाचे असते. म्हणून स्पर्शिका त्रिज्येला लंब. पुन्हा त्रिकोण मअब कडे ये. तो समद्विभुज आहे, शिरोकोन १३० अंशांचा आहे, म्हणून पायाजवळचे कोन २५ अंशांचे. स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन ९० उणे २५, म्हणजे ६५ अंश. हा तोच ६५ आहे जो क पाशी होता. ज्या स्पर्शिका-छेदिका कोनाच्या प्रमेयाला मुले सर्वांत जास्त घाबरतात, ते हे प्रमेय. ब मधूनही स्पर्शिका काढ. दोन्ही स्पर्शिका जिथे भेटतील त्याला प म्हण. त्रिकोण पअब चे पायाजवळचे दोन्ही कोन ६५, म्हणून पअ आणि पब समान आणि प पाशी ५० अंश. स्पर्शिकाखंड प्रमेयही झाले.

हे सगळे एका आकृतीत घडले, आणि दर वेळी आपण एकच काम केले : केंद्रापासून त्रिज्या काढली आणि समद्विभुज त्रिकोण शोधला. अनेक वर्षे भूमिती शिकवताना मी पाहिले आहे की ज्या मुलांना ‘सुचत नाही’ त्यांच्या आकृतीत बहुधा ही त्रिज्याच काढलेली नसते. प्रश्नात दिलेल्या रेघा काढून ती थांबतात आणि न काढलेल्या रेघेची वाट बघत बसतात. ‘प या बिंदूतून काढलेल्या स्पर्शिका वर्तुळाला अ आणि ब मध्ये स्पर्श करतात, कोन प ५० अंशांचा आहे, तर विशालकंसावरील क पाशी कोन अकब किती?’ या उदाहरणात कितीतरी चांगली मुले २५ असे उत्तर लिहितात. त्यांना ‘निम्मा’ हा शब्द पाठ असतो आणि समोर ५० दिसतो, म्हणून हात आपोआप २५ लिहितो. मअ आणि मब काढले असते तर चौकोन पअमब मध्ये दोन काटकोन दिसले असते, केंद्रीय कोन १३० आला असता आणि उत्तर ६५ मिळाले असते. पाठांतर कमी पडल्यामुळे ही चूक होत नाही. पाठ केलेले वाक्य आकृतीपासून तुटलेले असते म्हणून होते.

म्हणून तू सिद्धता पाठ केल्यास ते वाया गेले असे समजू नकोस, फक्त त्यांचा उपयोग बदल. आजवर तू सिद्धता उत्तर म्हणून लिहिलीस. आता प्रत्येक सिद्धता उघडून इतकेच विचार की या माणसाने आकृतीत कोणती नवी रेघ काढली आणि नेमकी तीच का काढली. पुस्तकात ‘रचना’ या शब्दापुढे जे एक वाक्य असते, ज्यावरून आपण घाईने पुढे जातो, तिथेच उदाहरण सोडवण्याची कला शिकायला मिळते. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या चारांपैकी मला एकच शिकवायचे असते तर मी ‘रचना’ शिकवले असते.

गुणाकाराच्या प्रमेयांचेही थोडे सांगतो, कारण तिथे समरूपता येते आणि मुलांना वाटते की हे काही निराळेच आहे. दोन जीवा वर्तुळाच्या आत एकमेकींना छेदतात, तेव्हा एकीच्या दोन भागांचा गुणाकार दुसरीच्या दोन भागांच्या गुणाकाराइतका असतो. टोके जोडून दोन त्रिकोण काढ. एकाच कंसातले कोन समान, छेदनबिंदूपाशी विरुद्ध कोन समान, को-को कसोटीने त्रिकोण समरूप, आणि बाजूंच्या प्रमाणातून गुणाकार बाहेर येतो. छेदनबिंदू वर्तुळाबाहेर गेला तरी अंतरे त्या बिंदूपासूनच मोजायची, वाक्य तेच राहते. आणि बाहेरून येणारी छेदिका हळूहळू फिरवत नेली, तिचे वर्तुळावरचे दोन बिंदू जवळ येत येत एक झाले, की ती स्पर्शिका होते. दोन्ही अंतरे सारखी झाली म्हणून गुणाकाराच्या जागी वर्ग आला. तीन प्रमेये म्हणून पाठ केलेली ही एकच गोष्ट आहे.

याचा पडताळा घरात घेता येतो. आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात; अशा वाढलेल्या काचेच्या बांगडीचा एखादा तुकडा आईकडून मागून घे, कडा धारदार असतात म्हणून जपून धर, आणि कागदावर ठेवून त्याच्या आतल्या कडेने पेन्सिल फिरव. वर्तुळाचा एक कंस मिळेल. त्याची दोन टोके पट्टीने जोडली की जीवा झाली. तिच्या मध्यातून कंसापर्यंत लंब काढ आणि दोन्ही लांब्या मोज. समज, जीवा ४.८ सेंटिमीटर आणि तो लंब १.२ सेंटिमीटर आला. जीवेच्या मध्यातला लंब केंद्रातून जातो हे तू नववीत शिकलीस, म्हणजे तो लंब पुढे वाढवला तर व्यास होतो. आता दोन जीवा एकमेकींना छेदत आहेत : एकीचे भाग २.४ आणि २.४, दुसरीचा एक भाग १.२ आणि दुसरा माहीत नाही. २.४ गुणिले २.४ म्हणजे ५.७६, त्याला १.२ ने भागले की ४.८. व्यास १.२ अधिक ४.८, म्हणजे ६ सेंटिमीटर. बांगडी दोन-सहा मापाची असेल तर तिचा आतला व्यास दोन इंच आणि सहा-सोळांश, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या जवळपासच असतो. तुकड्यावरून तू आख्ख्या बांगडीचे माप सांगितलेस. आईला विचार, तिची बांगडी कितीच्या मापाची होती.

आईचे वाक्य तू लिहिलेस म्हणून त्याविषयीही बोलायला हवे. त्यामागे माया आहे, मुलीचा जीव शिणू नये ही काळजी आहे. पण ‘आपल्या घरात गणित नाही’ हे खरे असते तर माप ओळखून बांगडी भरणे, वाटीने करंज्या एकसारख्या कातणे, जमिनीवर ठिपके मोजून रांगोळी काढणे हे घराघरांत कोणालाच जमले नसते. शाळेतल्या परीक्षेत गुण न मिळणे वेगळे आणि गणित न येणे वेगळे. शिवाय तू ज्या मुलखात राहतेस तो गणिताला परका नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतच्या त्या लंबाला शर म्हटले आहे. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, चाप म्हणजे धनुष्य आणि शर म्हणजे बाण. हे तीन शब्द एकत्र ठेवले की बांगडीच्या तुकड्याची आकृती तुझ्यासमोर उभी राहील आणि पुसली जाणार नाही.

‘लीलावती’तलेच एक उदाहरण तुला देतो. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर एक वीत उभी आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलते आणि दोन हात अंतरावर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? हे उदाहरण पायथागोरसच्या प्रमेयाने सुटते आणि बहुतेक ठिकाणी तसेच सोडवलेले असते. मला ते वर्तुळाने सोडवायला आवडते. देठाचा तळातला बुंधा हे केंद्र आणि देठ ही त्रिज्या. कळी कलते तेव्हा तिचे टोक वर्तुळाच्या कंसावरून जाते. पाण्याची पातळी ही जीवा. दोन विती म्हणजे एक हात, म्हणून अर्धी जीवा चार विती आणि शर एक वीत. चार गुणिले चार सोळा, भागिले एक, सोळाच. व्यास सोळा अधिक एक, सतरा विती. देठ साडेआठ विती, त्यातली एक वीत पाण्यावर, म्हणून पाणी साडेसात विती, म्हणजे पावणेचार हात खोल. बांगडीचा तुकडा आणि तळ्यातले कमळ, दोन्हीकडे आकृती एकच होती.

आता आकृत्यांच्या लाजेविषयी. परीक्षेत चित्रकलेचे गुण नसतात, तरी भूमितीतली आकृती हे विचार करण्याचे साधन आहे, म्हणून ती नीटनेटकी असण्यापेक्षा प्रामाणिक असणे महत्त्वाचे. आकृती मोठी काढ. रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात कोन लिहायला जागा राहत नाही. दिलेले नसताना जीवा केंद्रातून नेऊ नकोस, दिलेले नसताना दोन जीवा समान किंवा समांतर काढू नकोस; तसे केलेस तर आकृती तुला खोटे सांगेल आणि तू ते खरे मानशील. दिलेली मापे आकृतीतच लिही. समान बाजूंवर सारख्या खुणा कर, काटकोनाची खूण विसरू नकोस, आणि केंद्र दिलेले असेल तर ते ठळक बिंदूने दाखव. हाताला वळण लागायचे असेल तर रोज झोपण्यापूर्वी वर सांगितलेली म, अ, ब, क, प ची आकृती कोऱ्या कागदावर काढ आणि तिच्यातले सगळे कोन भर. दर दिवशी केंद्रीय कोन निराळा घे : आज १३०, उद्या १००, परवा ८४. पंधरा दिवसांत तुझा हात सुधारेल आणि प्रमेये पाठ करण्याची गरज कमी होईल.

उरलेल्या आठवड्यांचा वापर कसा करावा, यावर माझे मत असे आहे. पहिला आठवडा नववीच्या पुस्तकातल्या वर्तुळाला दे. केंद्रातून जीवेवर काढलेला लंब जीवेला दुभागतो आणि समान जीवा केंद्रापासून समान अंतरावर असतात, ही दोन प्रमेये दहावीत गृहीत धरलेली असतात आणि अनेकांचा पाय तिथेच अडखळतो. त्यानंतर आठवडाभर उदाहरणे सोडवूच नकोस. सरावसंचातली दहा-दहा उदाहरणे घेऊन त्यांची फक्त आकृती काढ, त्रिज्या जोड, आणि काय काय समान आहे एवढे बाजूला लिही. विचारलेले उत्तर काढण्याचा मोह आवर. हे विचित्र वाटेल, पण उत्तराची घाई बाजूला ठेवली की नजर तयार होते. तिसऱ्या आठवड्यापासून सोडवायला लाग, आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिही. अंतर्लिखित कोनाचे प्रमेय असेल तर तसे, एकाच वर्तुळाच्या त्रिज्या असतील तर तसे. कृती पूर्ण करण्याच्या प्रश्नात चौकटीत बहुधा हेच भरायचे असते. शेवटच्या दोन आठवड्यांत मागच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव, कारण तेव्हा वर्तुळाचे उदाहरण समरूपतेच्या शेजारी येते आणि प्रकरणाचे नाव वर लिहिलेले नसते. त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमितीला यातून वेळ उरणार नाही असे वाटत असेल, तर रोज चाळीस मिनिटे वर्तुळाला आणि बाकीचा वेळ त्यांना दे. सगळा वेळ वर्तुळावर घालवावा असे माझे म्हणणे नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतर विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी एक गोष्ट सांगतो. मुलाच्या वहीत सिद्धता शब्दशः बरोबर असूनही गुण कमी येत असतील, तर त्याला आणखी पाठ करायला बसवू नका. त्याच्या शेजारी बसून ‘ही रेघ का काढली?’ एवढेच विचारा. उत्तर तुम्हाला माहीत नसले तरी चालेल, ते शोधताना त्याला स्वतःला कळेल. आणि ज्यांचे ध्येय केवळ उत्तीर्ण होण्याचे आहे त्यांनीही स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, बाहेरच्या बिंदूतून काढलेले स्पर्शिकाखंड समान असतात आणि अंतर्लिखित कोन कंसाच्या निम्मा असतो, ही तीन वाक्ये आकृतीसह पक्की करावीत.

स्पर्शवर्तुळांविषयी मी काही लिहिले नाही, कारण तिथे एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असते : स्पर्शबिंदू दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर असतो. त्यावरचे एक उदाहरण तुझ्यासाठी ठेवतो. ९ सेंटिमीटर आणि ४ सेंटिमीटर त्रिज्यांची दोन वर्तुळे बाहेरून एकमेकांना स्पर्श करतात. एक रेषा मोठ्या वर्तुळाला एका बिंदूत आणि लहान वर्तुळाला दुसऱ्या बिंदूत स्पर्श करते. त्या दोन बिंदूंमधले अंतर काढ. आकृती मोठी काढ, दोन्ही केंद्रे आपापल्या स्पर्शबिंदूंना जोड, केंद्रे एकमेकांना जोड, आणि मग लहान वर्तुळाच्या केंद्रातून मोठ्या वर्तुळाच्या त्रिज्येवर लंब टाकून बघ. उत्तर १२ सेंटिमीटर आले पाहिजे. नाही आले, तर तुझी आकृती सरांना दाखव आणि कोणती रेघ राहिली एवढेच त्यांना विचार.